निरोगी लागेपर्यंत

ग्रिल काढली, बंपर काढला,
रेडिएटर दोन्ही हातांनी उचलून
जुन्या टॉवेलवर आडवा ठेवला,
भूल दिलेल्या माणसासारखा.
बशीत हिरवट पाणी टपकत राहिलं.

मग दिसला तो पत्रा,
रेडिएटरला कवेत धरून उभा असलेला.
सदुसष्ट सालची एमजीबी, लाल,
समोरून येणारा प्रत्येक जण दात बघतो तिचे,
हिरडी कोण बघतो.

मी टोचणी लावली. सवयीने.
तेहतीस वर्षं ब्यूडलीत लोकांची तोंडं तपासली,
आवाजावरून कळतं कुठे टणक, कुठे पोकळ.
लांबी भरून, घासून, वर रंग मारलेला,
आणि आत नुसता भुसा.
वरून कीर्तन, आतून तमाशा.

समोरच्या घरातला ग्विन प्रिचर्ड
वेल्डिंगचं मशीन ढकलत आला, सपाता घालून.
वाकून बघितलं, म्हणाला,
"डॉक्टर, सेव्हर्नचं पाणी प्यायलीय ही."
गॅरेजच्या भिंतीवर तीन पुरांच्या रेषा आहेत.
सगळ्यांत वरची
बरोबर तिच्या हनुवटीला लागते.

स्पॉट वेल्डचे ठिपके मोजले: त्रेचाळीस.
एकेक ड्रिलने सोडवायचा
मागच्या चांगल्या पत्र्याला धक्का न लावता.
एकोणतीस मी काढले, चौदा त्याने.
त्याच्या चौदांतले पाच आरपार गेले.
मी काही बोलले नाही.
तोही नाही.

पत्रा सुटला तसं
डाव्या कोपऱ्यात एक ठिगळ दिसलं:
बिस्किटाच्या डब्याचं झाकण, चार रिव्हेट मारलेलं,
त्यावर अर्धा घोडा,
मागे पेन्सिलीने लिहिलेलं, "जून. तात्पुरतं."
साल नाही.
कुणाचा जून, खिशात किती पैसे होते,
कुठे पोचायची घाई होती त्याला,
कळायला मार्ग नाही.
पण झाकणाखाली गंज नव्हता.
अख्ख्या तोंडात तेवढीच जागा निरोगी.

नवा पत्रा खोक्यातून निघाला, काळा, तेलकट
आणि चार मिलिमीटर जास्त.
ग्विनने वेल्शमध्ये शिव्या घातल्या, मी मराठीत,
दोघांनाही एकमेकांच्या अचूक समजल्या.
कानस, क्लॅम्प, पुन्हा कानस.
बॉनेट मिटून बघ, उघड, मिटून बघ.
"हं, आता चावा. इकडे तिकडे घासा.
उंच लागतंय का?"
असं मी विचारलं.
बॉनेटला.

ग्विन हसला, आणि हसता हसता गाल धरला.
मार्चपासून दुखतंय म्हणाला. हा ऑगस्ट.
मी निवृत्त आहे, म्हटलं,
आणि तरी पत्र्यावरचा दिवा
त्याच्या चेहऱ्यावर फिरवला.
ठिणग्यांना न भिणारा माणूस,
डोळे गच्च मिटून, मडगार्ड गच्च धरून.
उजवीकडे खालची पहिली दाढ,
जुनं चांदीचं भरण, कडेला काळी रेघ.
"सोमवारी जा."
"काय करतील?"
"निरोगी लागेपर्यंत खोदतील, मग थांबतील.
अवघड असतं ते थांबणंच."

डावा कोपरा आम्ही कापला नाही.
खाच नव्या पत्र्यालाच दिली.
झाकण परत बसवलं, चारच्या जागी सहा रिव्हेट,
आणि मागे, त्या पेन्सिलीखाली,
मी लिहिलं, "ऑगस्ट. हेही."

रेडिएटर जागेवर गेला. पाणी भरलं.
रात्री उठून एकदा बघून आले,
बशी कोरडी होती.

सोमवारी नऊ वाजता
ग्विनची व्हॅन दारातच उभी,
वरच्या खोलीचे पडदे ओढलेले.
मी टोचणी खिशात टाकली
आणि रस्ता ओलांडला.